ऑस्ट्रेलियाची बोलचालीची इंग्रजी: मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे इंग्रजीत काम केलेला माणूसही मेलबर्न किंवा सिडनीत उतरल्यावर पहिले काही आठवडे अडखळतो. व्याकरण तेच असते, पण रोजच्या वापरातले शब्द निराळे असतात आणि त्याहून निराळी असते ती बोलण्यामागची वृत्ती. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे जाणारे, तसेच मुलांकडे काही महिने राहायला जाणारे आई-वडील जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

ऑस्ट्रेलियाची इंग्रजी ब्रिटनच्या इंग्रजीपेक्षा इतकी वेगळी कशी झाली?

२६ जानेवारी १७८८ रोजी अकरा जहाजांचा पहिला ब्रिटिश ताफा सिडनीच्या खाडीत दाखल झाला आणि त्यानंतर ऐंशी वर्षे, म्हणजे १८६८ मध्ये शेवटचे कैदी-जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचेपर्यंत, ब्रिटन व आयर्लंडमधून शिक्षा झालेली माणसे तेथे पाठवली जात होती. लंडनच्या गल्ल्यांतली बोली, आयरिश इंग्रजी आणि इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या बोली एकाच वसाहतीत मिसळल्या आणि तेथे जन्मलेल्या मुलांच्या तोंडी त्यांचे एक नवे, बऱ्यापैकी एकसारखे रूप तयार झाले. कैद्यांची सांकेतिक भाषा न्यायालयातल्या अधिकाऱ्यांना कळत नसे. जेम्स हार्डी व्हॉक्स या कैद्याने १८१२ मध्ये त्या भाषेची शब्दसूची तयार केली. ती १८१९ मध्ये छापून आली आणि ऑस्ट्रेलियात रचलेला पहिला शब्दकोश म्हणून आज तिच्याकडे पाहिले जाते. शब्दकोशाची परंपरा एका शिक्षा झालेल्या चोराने सुरू करावी, ही गोष्ट त्या देशाच्या स्वभावाला शोभणारीच आहे. १८५१ नंतर सोन्याच्या खाणींमुळे जगभरातून माणसे आली आणि शब्दांत आणखी भर पडली.

'फेअर डिंकम', म्हणजे अस्सल किंवा अगदी खरे, हा प्रयोग चिनी खाणकामगारांकडून आला अशी कथा वारंवार सांगितली जाते. ती खरी नाही. 'डिंकम' हा इंग्लंडमधल्या प्रादेशिक बोलीतला 'काम' या अर्थाचा शब्द आहे.

शब्द ओळखीचे असूनही उच्चारामुळे कळत नाहीत, त्याचे काय करावे?

शब्दाच्या शेवटचा 'र' गिळला जातो, 'डे' हा 'डाय'च्या जवळ जातो आणि शेजारचे शब्द एकमेकांना चिकटतात, एवढे लक्षात ठेवल्यास कान लवकर तयार होतो. १९६४ मध्ये सिडनीत एक इंग्रज लेखिका वाचकांना पुस्तकांवर सही करून देत होती. एका बाईने पुस्तक पुढे करून 'हाउ मच इज इट?' असे विचारले. लेखिकेला ते 'एमा चिझिट' असे ऐकू आले आणि तिने पुस्तकावर त्या नावाने शुभेच्छा लिहून दिल्या. तेव्हा ब्रिटिशांचीही ही गत होते, हे जाणून निश्चिंत मनाने 'पुन्हा सांगता का?' असे विचारावे. तेथे कोणी त्याचा राग मानत नाही.

'हाउ या गोइंग?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे?

हा प्रश्न प्रवासाविषयीचा नाही. 'कसे काय, बरे आहे ना?' एवढाच त्याचा अर्थ असल्याने 'बसने' किंवा 'ट्रेनने' असे उत्तर देऊ नये. 'गुड, थँक्स, यू?' एवढे पुरते. ऐकताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ऑस्ट्रेलियन माणूस स्तुती आणि तक्रार दोन्ही कमी करून सांगतो. 'नॉट बॅड' याचा अर्थ बहुधा 'उत्तम' असा असतो, तर 'अ बिट ऑफ अ वरी' म्हटले की प्रकरण गंभीर आहे असे समजावे. 'नो वरीज' हे आभारांना, माफीला आणि विनंतीला दिलेले एकच उत्तर आहे. 'येह, नाह' या जोडीत बहुतेक वेळा दुसरा शब्द खरा असतो: तुमचे म्हणणे ऐकले, पण उत्तर नाही असे आहे. 'नाह, येह' असे उलट आले तर होकार समजावा.

प्रत्येक शब्द तोडून शेवटी 'ओ' किंवा 'ई' का लावतात?

ऑस्ट्रेलियन बोलीची ही सर्वांत ठळक खूण आहे आणि नवख्या माणसाला सर्वाधिक गोंधळात टाकणारीही. दुपार म्हणजे 'आर्वो', पेट्रोल पंप म्हणजे 'सर्वो', दारूचे दुकान 'बॉटल-ओ', रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी 'अँबो', वाहनाची नोंदणी 'रेजो', सॅल्व्हेशन आर्मी ही संस्था 'सॅल्व्होज'. दुसऱ्या बाजूला न्याहारी 'ब्रेकी', डास 'मॉझी', गॉगल 'सनीज', टपाल वाटणारा 'पोस्टी', सुतार 'चिपी', वायरमन 'स्पार्की', गवंडी 'ब्रिकी' आणि या सगळ्या कारागिरांसाठी मिळून 'ट्रेडी'. कोणत्या शब्दाला 'ओ' लागेल आणि कोणत्याला 'ई', याचा पक्का नियम सांगता येत नाही; ऐकून ऐकूनच ते कळते.

यात लाडिकपणा किंवा बालिशपणा आहे असे बाहेरच्यांना वाटते, पण ते तसे नाही. पन्नाशीचा ट्रकचालक आणि देशाचा मंत्री हे दोघेही 'आर्वो' म्हणतात. शब्द लहान केला की त्यातला औपचारिकपणा गळून पडतो आणि बोलणारे दोघे एका पातळीवर येतात, हे त्यामागचे खरे कारण असावे. आपल्याकडे सचिनचा 'सच्या' आणि प्रशांतचा 'पश्या' होतो तो मित्रांच्या कट्ट्यावर. तेथे शॅरनची 'शॅझा', बॅरीचा 'बॅझा' आणि गॅरीचा 'गॅझा' कार्यालयातही होतो.

या लघुरूपांचे वजन इतके आहे की २०१३ च्या जानेवारीत मॅकडोनाल्ड्सने ऑस्ट्रेलियातल्या आपल्या काही दुकानांवरची पाटी ऑस्ट्रेलिया दिनाच्या निमित्ताने बदलून 'मॅकाज' अशी लावली, कारण गिऱ्हाइके त्याच नावाने त्या दुकानांना ओळखत होती. जगभर पोहोचलेला 'सेल्फी' हा शब्दही याच पद्धतीचा आहे. त्याचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना वापर २००२ मधला, ऑस्ट्रेलियातलाच आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तो २०१३ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला.

'मेट' कोणाला म्हणता येते?

जवळजवळ सर्वांना. मित्राला, अनोळखी बसचालकाला, दुकानदाराला आणि ज्याचे नाव ऐन वेळी आठवत नाही अशा ओळखीच्या माणसाला हे संबोधन चालते. पुरुषांमध्ये ते अधिक वापरले जाते, परंतु स्त्रियांनी वापरले तरी कोणी आश्चर्य करत नाही. सूर मात्र ओळखावा लागतो, कारण भांडण सुरू होण्यापूर्वी सावकाश, दाबून उच्चारलेला 'मेट' ही धमकी असते. २००५ मध्ये कॅनबेरातल्या संसद भवनाच्या सुरक्षारक्षकांना पाहुण्यांना 'मेट' म्हणण्यास मनाई करण्यात आली होती. त्यावर एवढा गदारोळ झाला की एका दिवसाच्या आत ती मनाई मागे घ्यावी लागली.

ओळखीचे वाटून फसवणारे शब्द कोणते?

यांची यादी लांब आहे. ज्यांमुळे खरोखर अडचण होते तेवढेच येथे घेतो. कोणी 'टी'साठी घरी बोलावले तर अनेकदा ते रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण असते, त्यामुळे घरून जेवून जाऊ नये. शंका असेल तर वेळ विचारावी, सहा-साडेसहाची वेळ सांगितली की जेवण नक्की. 'ब्रिंग अ प्लेट' असे सांगितले तर प्लेट भरून नेणे अपेक्षित असते, म्हणजे सर्वांना वाटून खाता येईल असा एखादा पदार्थ करून न्यावा. रिकामी प्लेट घेऊन गेलेल्या स्थलांतरितांच्या गोष्टी तेथे पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. 'थाँग्ज' म्हणजे रबरी चपला. दुकानातला 'मँचेस्टर' विभाग चादरी, अभ्रे आणि टॉवेल यांचा असतो. 'क्रुक' म्हणजे लबाड नव्हे, तर आजारी किंवा बिघडलेला. उपाहारगृहातल्या यादीत 'आँट्रे' हे मुख्य जेवणाआधीचे खाणे असते. अमेरिकेत राहून आलेल्यांना तेथे हमखास चकायला होते.

एका शब्दाबाबत स्पष्ट इशारा द्यायला हवा. अमेरिकन पद्धतीने एखाद्या संघासाठी 'रूटिंग' करतो असे म्हणू नये, कारण ऑस्ट्रेलियात त्या क्रियापदाला असभ्य लैंगिक अर्थ आहे. संघाची बाजू घेण्याला तेथे 'बॅरॅकिंग' म्हणतात.

'माय शाउट' असे कोणी म्हटले तर काय करावे?

ओरडणार कोणी नसते. 'या खेपेचे पैसे माझे' असा त्याचा अर्थ आहे. चार जण पबमध्ये गेले की एकेकाने आळीपाळीने सर्वांसाठी पेये आणायची असा संकेत आहे आणि इतरांचे पिऊन झाल्यावर आपली पाळी येण्याआधी काढता पाय घेणाऱ्याची बदनामी पुष्कळ काळ टिकते. दारू न घेणाऱ्यानेही सरबत किंवा कॉफीच्या निमित्ताने आपली पाळी घ्यावी.

कामाच्या ठिकाणी आणि विद्यापीठात काय ऐकू येते?

'स्मोको' म्हणजे कामाच्या मधली चहाची सुट्टी. धूम्रपानाशी त्याचा संबंध आता नावापुरता उरला आहे. काम संपवून निघणे म्हणजे 'नॉक ऑफ', आजारी नसताना आजारपणाची रजा टाकणे म्हणजे 'चकिंग अ सिकी', अंगचोर माणूस म्हणजे 'ब्लजर' आणि सहकाऱ्याची वरिष्ठांकडे चुगली करणे म्हणजे 'डॉबिंग'. कामात बुडालेला माणूस स्वतःला 'फ्लॅट आउट लाइक अ लिझर्ड ड्रिंकिंग' म्हणवतो, म्हणजे पाणी पिताना जमिनीशी सपाट झालेल्या सरड्यासारखा. या प्रयोगांत 'ब्लजर' आणि 'डॉबर' हे दोन शब्द खरे अपमानकारक आहेत; बाकीचे हसत बोलले जातात.

विद्यापीठात प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची पद्धत आहे. मराठी विद्यार्थ्यांना ते जड जाते, आणि ईमेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' लिहिल्याने काही बिघडत नसले तरी 'हाय' आणि पहिले नाव हे तेथे पुरेसे आदराचे मानले जाते. नोकरीचा अर्ज, प्रबंध आणि सरकारी पत्रव्यवहार मात्र प्रमाण इंग्रजीतच लिहावा.

आदिवासी भाषांतून कोणते शब्द आले आहेत?

ब्रिटिश येण्यापूर्वी त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. 'डिंगो', 'वॉम्बॅट', 'कोआला' ही प्राण्यांची नावे आणि 'बूमरँग' हे शब्द सिडनी परिसरातल्या धरुग भाषेतून आले. रानात दूरच्या माणसाला घातलेली 'कूई' ही साददेखील तेथलीच; एखादी गोष्ट जवळपासही नाही हे सांगण्यासाठी ती 'कूईच्या टप्प्यात नाही' असे आजही म्हणतात. 'बिलाबाँग', म्हणजे नदीच्या प्रवाहापासून तुटून राहिलेला डोह, हा विराजुरी भाषेतला शब्द आहे. कष्टाचे काम या अर्थाचा 'हार्ड याका' अस्सल ब्रिटिश वाटतो, पण त्यातला 'याका' ब्रिस्बेन भागातल्या यागारा भाषेतला आहे.

'कांगारू' म्हणजे 'मला कळत नाही', ही गोष्ट मराठी पुस्तकांतही छापली गेली आहे आणि ती चुकीची आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुकचे जहाज दुरुस्तीसाठी आजच्या कुकटाउनजवळ थांबले होते. तेथल्या गुगु यिमिधिर भाषेतला 'गांगुरू' हा कांगारूच्या एका जातीचा शब्द त्या वेळी नोंदवला गेला. अठरा वर्षांनी सिडनीत उतरलेल्या ब्रिटिशांनी तो तेथल्या लोकांपुढे वापरला तेव्हा त्यांची भाषा वेगळी असल्याने त्यांना तो इंग्रजी शब्द वाटला.

माणसांच्या नावांवरून पडलेले प्रयोग कोणते?

'बकलीज चान्स' म्हणजे जवळजवळ शून्य शक्यता. विल्यम बकली हा कैदी १८०३ मध्ये आजच्या मेलबर्नजवळच्या पोर्ट फिलिपच्या वसाहतीतून पळाला; तो जगण्याची शक्यता नगण्यच होती, तरी तो वाथाउरुंग या आदिवासी लोकांबरोबर ३२ वर्षे राहिला. मेलबर्नच्या 'बकली अँड नन' या दुकानाच्या नावावरून झालेली कोटी ('नन' हे इंग्रजीत 'एकही नाही' असे ऐकू येते) हे या प्रयोगाचे दुसरे स्पष्टीकरण आहे; दोहोंनी मिळून त्याला बळ दिले असावे. 'फर्फी' म्हणजे अफवा. शेपार्टन गावच्या फर्फी कारखान्यात बनलेल्या पाण्याच्या गाड्या पहिल्या महायुद्धात सैनिकी छावण्यांत असत, त्यांवर ते नाव मोठ्या अक्षरांत असे आणि पाण्यासाठी जमलेले सैनिक तेथेच गावगप्पा करत.

अलीकडचा 'डुइंग अ ब्रॅडबरी' हा प्रयोग मला सर्वांत आवडतो. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये एक हजार मीटर शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या अंतिम शर्यतीत स्टीव्हन ब्रॅडबरी सर्वांत मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही एकमेकांवर आदळून पडले आणि तो सुवर्णपदक घेऊन गेला. अनपेक्षितपणे, बाकीचे कोलमडल्यामुळे मिळालेल्या यशाला तेव्हापासून त्याचे नाव चिकटले.

मूर्खाला 'ड्रॉंगो' म्हणतात ते एका घोड्यामुळे. १९२० च्या दशकात त्या नावाचा शर्यतीचा घोडा ३७ वेळा धावला आणि एकदाही जिंकला नाही. घोड्याचे नाव ठेवले होते ते पक्ष्यावरून, आणि तो पक्षी म्हणजे आपल्या कोतवालाचा भाऊबंद.

क्रिकेटच्या भाषेत काय फरक आहे?

इंग्लंडमध्ये आधी धावा आणि मग गडी सांगतात. ऑस्ट्रेलियात आधी गडी आणि मग धावा. मराठी समालोचन ऐकत वाढलेल्यांना '३ बाद २५०' हा क्रम सवयीचा असल्याने या एका बाबतीत आपण तेथे घरच्यासारखे असतो. अवांतर धावांना तेथे 'संड्रीज' म्हणतात. खेळाडूंची नावेही वर सांगितलेल्या रीतीने घडतात: शेन वॉर्नचा 'वॉर्नी', ॲडम गिलख्रिस्टचा 'गिली', मॅथ्यू हेडनचा 'हेडोस'. बारीक पायांच्या ग्लेन मॅकग्राला 'पिजन' म्हणत, म्हणजे कबूतर.

भारताशी थेट जोडलेला शब्द आहे तो 'मंकडिंग'. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत, मुंबई आणि महाराष्ट्राकडूनही खेळलेल्या विनू मंकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउनला धावबाद केले. त्याच दौऱ्यात त्यांनी ब्राउनला पूर्वी एकदा असेच बाद केले होते. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत टीका झाली, तरी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांचीच बाजू उचलून धरली. चूक क्रीज सोडणाऱ्याची असताना नाव गोलंदाजाचे बदनाम व्हावे, यावर सुनील गावसकर यांनी अनेकदा आक्षेप घेतला आहे आणि तो आक्षेप रास्त आहे. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबने हा प्रकार 'अनुचित खेळा'च्या नियमातून काढून साध्या धावबादच्या नियमात घातला. आपण तरी त्याला धावबादच म्हणावे.

सगळ्या देशात हेच शब्द चालतात का?

उच्चारातले फरक थोडे आहेत, शब्दांतले बरेच. पोहण्याचे कपडे क्वीन्सलँडमध्ये 'टॉग्ज', सिडनीकडे 'स्विमर्स' किंवा 'कॉझीज' आणि मेलबर्न, ॲडलेड व पर्थमध्ये 'बेदर्स'. बटाट्याची मोठी, जाड भजी मेलबर्नला 'पोटेटो केक' तर सिडनीला 'पोटेटो स्कॅलप' म्हणून मिळते आणि योग्य नाव कोणते यावर दोन्हीकडची माणसे गंभीरपणे वाद घालतात. सिडनीत 'स्कूनर' मागितला तर ४२५ मिलिलिटर बिअर येते, ॲडलेडमध्ये २८५. 'फूटी' हा खेळसुद्धा मेलबर्नमध्ये एक आणि सिडनीत दुसराच असतो.

शिव्या आणि अपमानकारक शब्दांबाबत काय काळजी घ्यावी?

'ब्लडी' हा शब्द तेथे शिवी म्हणून जवळपास उरलेला नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला 'ब्लडी इडियट' म्हणणारी मोहीम व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी संस्थेने १९८९ मध्ये सुरू केली. पर्यटनाच्या २००६ च्या जाहिरातीत तोच शब्द आला तेव्हा मात्र ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर त्याला काही काळ मनाई झाली. मित्राला प्रेमाने शिवी देण्याची पद्धतही आहे, परंतु ती मैत्री मुरल्यावरची गोष्ट आहे.

वंशवाचक शब्दांना हा खेळकरपणा लागू होत नाही. आदिवासींसाठी वापरले जाणारे 'ॲबो' हे तोडलेले रूप दिसायला इतर लघुरूपांसारखेच असले तरी ते अत्यंत अपमानकारक आहे आणि ते कधीही उच्चारू नये. 'वॉग' हा शब्द ग्रीक व इटालियन स्थलांतरितांना हिणवण्यासाठी वापरला जाई. त्यांच्या मुलांनी १९८० च्या दशकात तो विनोदाच्या रंगमंचावर स्वतःच उचलला, पण म्हणून बाहेरच्याला तो वापरण्याचा परवाना मिळत नाही. भारतीयांना 'करी' म्हणून डिवचले जाते तेव्हा 'गंमत केली' हे स्पष्टीकरण मुकाट्याने स्वीकारण्याची गरज नाही. १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा लागू आहे आणि ऑस्ट्रेलियन मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करता येते.

चित्रपटांत आणि जाहिरातींत ऐकलेले शब्द लोक खरोखर वापरतात का?

काही वापरतात, पुष्कळ नाही. मित्राला 'कॉबर', आश्चर्याने 'स्ट्रूथ' आणि स्त्रीला 'शीला' म्हणणे हे आता आजोबांच्या पिढीचे किंवा मुद्दाम केलेल्या विनोदाचे शब्द झाले आहेत. 'श्रिंप ऑन द बार्बी', म्हणजे बार्बेक्यूच्या शेगडीवर कोळंबी, हे वाक्य १९८४ च्या पर्यटन-जाहिरातीत अमेरिकन प्रेक्षकांसाठी तसे योजले होते. ऑस्ट्रेलियात कोळंबीला 'प्रॉन' म्हणतात. जुने शब्द जातात तसे नवे येतात. मतदान सक्तीचे असून ते शनिवारी होते आणि शाळांतल्या मतदान केंद्रांबाहेर निधीसाठी सॉसेज भाजून विकतात; त्यावरून आलेला 'डेमोक्रसी सॉसेज' हा प्रयोग ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरने २०१६ चा शब्द म्हणून निवडला होता.

आपणही असे बोलावे का?

समजून घेण्याची घाई करावी, बोलण्याची करू नये. 'नो वरीज', 'आर्वो', 'ब्रेकी' हे शब्द पहिल्या दिवसापासून निर्धास्त वापरावेत. 'गडाय मेट' ठेवणीतल्या उच्चारात म्हणणे, किंवा सरडे आणि कांगारूंच्या म्हणी पाठ करून फेकणे हे नक्कल वाटते. आपल्या मराठी वळणाच्या इंग्रजीविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

थोड्या काळासाठी येणाऱ्या आई-वडिलांनी कमीत कमी काय लक्षात ठेवावे?

औषधाचे दुकान म्हणजे 'केमिस्ट', डॉक्टर म्हणजे बहुधा 'जीपी', गल्ल्यावरच्या मुलीने 'लव्ह' किंवा 'डार्ल' म्हटले तर ते नुसते सौजन्य आणि 'टा' म्हणजे धन्यवाद. डॉक्टरने 'फीलिंग क्रुक?' असे विचारले तर तो प्रकृतीचीच चौकशी करत असतो. तातडीच्या प्रसंगी 'ट्रिपल झीरो', म्हणजे ००० हा क्रमांक लावावा, 'पोलीस', 'फायर' किंवा 'ॲम्ब्युलन्स' यांपैकी हवा तो एक शब्द उच्चारावा आणि इंग्रजी जमत नसेल तर लगेच 'मराठी' असे सांगून दुभाषा मागावा. फोन मात्र ठेवू नये.